युद्धकालीन जर्मन बिल्ले आणि त्यांचा ‘वेगळा’ मुलामा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैन्याचे बिल्ले जमवणाऱ्यांपुढे कधी ना कधी असा नग येतोच: नक्षी ओळखीची, मागची पिन ओळखीची, पण रंग भलताच. रुपेरी पाणबुडी-बिल्ला, सोनेरी पायदळ-बिल्ला, काळाकुट्ट रणगाडा-बिल्ला. विकणारा म्हणतो, ‘असा दुसरा मिळायचा नाही.’ हे तो बहुधा खरंच बोलत असतो. फक्त दुसरा का मिळत नाही, ते सांगत नाही. अशा नगांबद्दल नेहमी येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

मुलामा म्हणजे नेमकं काय काय धरायचं?

धातूच्या अंगावर शेवटी चढवलेला कुठलाही थर. विजेच्या साहाय्याने दिलेली चांदी किंवा सोनं, रसायनाने आणलेला काळपटपणा, ब्राँझचा तपकिरी रंग, साधा रंग किंवा लाखेसारखं लॅकर, हे सगळं त्यात आलं. चांदीचा मुलामा पुष्कळदा दुधाळ, मॅट ठेवत आणि नंतर फक्त उंच कडा घासून चमकवत. त्यामुळे एकाच बिल्ल्यावर दोन चांद्या आहेत असं वाटतं. तसं दिसलं तर घाबरायचं कारण नाही, ती त्या काळची नेहमीची पद्धत होती.

रंग वेगळा दिसला की बिल्ला खोटा समजायचा का?

नाही. शक्यता तीन असतात. एक, मूळ मुलामा झिजला, उडाला किंवा धातूत मुरला. दोन, युद्धानंतर कुणीतरी घासला, रंगवला किंवा पुन्हा मुलामा दिला. तीन, कारखान्यातूनच तो तसा निघाला. अनुभव असा की पहिल्या दोन कारणांतच बहुतेक नग निकालात निघतात. तिसऱ्याकडे वळायचं ते पहिली दोन्ही दारं नीट बंद करूनच. बाजारात मात्र उलटं चालतं: आधी ‘दुर्मिळ प्रकार’ म्हणायचं, मग पुरावा शोधत बसायचं.

परीक्षेचा क्रम एकच ठेवा. मुलामा नाहीच असं समजून आधी बिल्ला तपासा: ठसा कुठल्या कारखान्याच्या डायचा, म्हणजे ठसा मारायच्या साच्याचा आहे, कडा कशा कापल्या आहेत, पिन, बिजागर आणि पिन अडकवायचा आकडा त्या कारखान्याचे आहेत का. हे सगळं जुळलं तरच मुलाम्याबद्दल बोलण्यात अर्थ. ठसा, कापणी, जोडकाम बदलणं अवघड. मुलामा कुठल्याही गल्लीतल्या प्लेटिंगवाल्याकडे तासाभरात बदलून मिळतो.

कोणत्या बिल्ल्याचा मूळ रंग कोणता, हे कसं कळेल?

हे नियमांत लिहिलेलं होतं. पायदळाचा हल्ला-बिल्ला 20 डिसेंबर 1939 रोजी सुरू झाला तो रुपेरी. मोटारवाहू पायदळासाठी ब्राँझ प्रकार आला 1 जून 1940 पासून. रणगाडा-बिल्ल्याचंही तसंच: रणगाड्यात बसून लढणाऱ्यांना रुपेरी, रणगाड्यांसोबत लढणाऱ्या पायदळाला ब्राँझ. सर्वसाधारण हल्ला-बिल्ला रुपेरी. जखमी-बिल्ला तीन दर्जांचा: एक-दोन जखमांना काळा, तीन-चारांना रुपेरी, पाच किंवा जास्त जखमांना सोनेरी, अंधत्वासारखी कायमची भयंकर इजा झाली तर थेट सोनेरी. हातघाईच्या लढाईची पट्टी नोव्हेंबर 1942 मध्ये आली. 15 दिवसांना ब्राँझ, 30 ला रुपेरी, 50 ला सोनेरी.

नौदलाचा पाणबुडी-बिल्ला, 13 ऑक्टोबर 1939 चा, पूर्ण सोनेरी. पृष्ठभागावरच्या युद्धनौकांच्या बिल्ल्यावर कडं आणि गरुड सोनेरी, जहाज काळपट करडं. हवाई दलात वैमानिकाचं कडं रुपेरी आणि गरुड काळपट. हवाई दलाच्या छत्रीधारी सैनिकाच्या बिल्ल्यावर उलट, कडं काळपट रुपेरी आणि झेपावणारा गरुड सोनेरी.

याचा फायदा असा की पुष्कळ ‘वेगळे’ नग इथेच अडकतात. ज्या बिल्ल्याला नियमांत एकच रंग, त्याचा दुसरा रंग देणार कोण आणि घेणार कोण? सैनिकाच्या पगारपुस्तकात दर्जाची नोंद होई. न मिळालेल्या दर्जाचा बिल्ला छातीवर लावणं हा गुन्हा होता.

आतल्या धातूचा मुलाम्याशी काय संबंध?

सगळाच. सुरुवातीच्या वर्षांत तोंबाक म्हणजे तांबं जास्त असलेलं लालसर पितळ, आणि आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते तांबं-निकेल-जस्ताचं मिश्रण, हे दोन धातू चांगल्या बिल्ल्यांना वापरत. हवाई दलाच्या काही सुरुवातीच्या बिल्ल्यांत ॲल्युमिनियमही दिसतं. पुढे तांबं आणि निकेल तोफगोळ्यांना लागू लागलं तसा बिल्ल्यांचा धातू बदलला. 1941-42 पासून जस्त सर्रास दिसतं. जर्मन लोक त्याला फाइनझिंक म्हणत, म्हणजे शुद्ध जस्त. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातलाच प्रकार.

तोंबाकावर चांदी झिजली की उंच भागावर लालसर झाक दिसते. जर्मन सिल्व्हरवर झीज झाली तरी रंगात फारसा फरक पडत नाही. जस्तावर झीज करडी दिसते. तेव्हा उंच कडेवर पिवळंधमक पितळ दिसलं आणि त्या कारखान्याने तो नग तोंबाकात किंवा जस्तात केल्याचं माहीत असेल, तर तिथेच थांबावं.

जस्ताच्या बिल्ल्याचा मुलामा जातो कुठे?

आत. हे अक्षरशः खरं आहे. जस्तावर चांदी थेट नीट धरत नाही, म्हणून आधी तांब्याचा पातळ थर द्यावा लागतो. हे तांबं वर्षानुवर्षं हळूहळू जस्तात मुरतं आणि वरची चांदी निस्तेज होत होत दिसेनाशी होते. जस्त ओतून केलेलं असेल तर त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. मुलाम्याच्या टाकीतलं रसायन त्यांत अडकतं आणि पुढे फोड येतात. म्हणून 1943-44 चा अस्सल रुपेरी पायदळ-बिल्ला आज शिशासारखा करडा दिसतो. नवख्याला वाटतं, हा ‘बिनमुलाम्याचा प्रकार’ आहे. तसं काही नाही. मागच्या बाजूला बिजागराच्या कोपऱ्यात किंवा गरुडाच्या पंखांच्या बेचक्यात चांदीचा एखादा कण अजून तग धरून असतो.

उलट, ऐंशी वर्षांच्या जस्तावर आरशासारखी अखंड चांदी दिसली तर मला आनंद होत नाही, शंका येते. अपवाद असतात, कागदी पाकिटात गुंडाळलेले, कधी हाताळलेच नाहीत असे नग निघतात. पण अपवादालाही फोडाचा एखादा ठिपका असतोच.

रुपेरी पाणबुडी-बिल्ला खरा असू शकतो का?

बिल्ला खरा असू शकतो, रुपेरीपणा नाही. नियमांत या बिल्ल्याला एकच रंग होता. मग रुपेरी नग येतात कुठून ते भिंगाखाली पाहू.

दहापट मोठं दिसेल असं सराफी भिंग घ्या आणि उजेड एका बाजूने येऊ द्या. बर्लिनच्या श्वेरिन कारखान्याच्या घडणीत पाणबुडीच्या वर-खाली पोकळी कापलेली असते. पुढची बाजू आता बाजूला ठेवा. त्या कापलेल्या पोकळीच्या आतल्या भिंतीकडे पाहा. तिथे ना बोट लागतं, ना कोटाचं कापड घासतं. तिथे सोनं असेल आणि कड्यावरच्या पानांच्या शिरांवर नसेल, तर बिल्ला सोनेरीच होता, पुढून झिजलाय इतकंच. मागच्या बाजूला पिनेच्या बरोब्बर खाली, जिथे सावली पडते त्या पट्ट्यातही सोनं टिकतं.

आता दुसरी शक्यता. पोकळीच्या भिंती, पाठ, पिन, आकडा, सोल्डरचा काठ, सगळीकडे एकसारखी पांढरी चांदी, आणि पानांच्या टोकांवर झीज झालेली असूनही त्या झिजलेल्या गोलाईवरूनच चांदी गेलेली. म्हणजे झीज आधी, मुलामा नंतर. हे कारखान्यात होत नाही. कुणीतरी जुना बिल्ला मुलाम्याच्या टाकीत बुडवला. तिसरी शक्यता उशिराच्या जस्ताच्या नगाची: सोनेरी झाक पूर्ण उडालेली, धातू करडा, पाठीवर बारीक पांढरी बुरशीसारखी पूड. हा नग प्रामाणिक आहे. त्याला ‘रुपेरी’ म्हणणारा माणूस तितका नसतो.

झीज आणि मुलामा यांत आधी कोण, हा एकच प्रश्न कुठल्याही विचित्र मुलाम्याला विचारता येतो. ओरखड्याच्या तळाशी मुलामा दिसला की उत्तर मिळालं.

सोल्डर, बिजागर यांवरून काय कळतं?

काम कोणत्या क्रमाने झालं ते. नेहमीचा क्रम असा: पत्र्यावर ठसा मारणं, कडा आणि पोकळ्या कापणं, मागे बिजागर-आकडा सोल्डर करणं, मग मुलामा, शेवटी उंच भाग घासून चमकवणं. म्हणून तोंबाकाच्या अस्सल नगावर मुलामा सोल्डरवरूनही गेलेला असतो. सोल्डरभोवती भाजल्यासारखं काळं वर्तुळ आणि मुलामा तिथेच थांबलेला, असं दिसलं तर पिन नंतर बसवली आहे; दुरुस्ती असेल किंवा त्याहून वाईट काही.

जस्ताच्या बाबतीत हा नियम जपून वापरा. जस्त उष्णतेला नाजूक, म्हणून पुष्कळ कारखान्यांनी आकडा-बिजागर खाचेत दाबून बसवायला सुरुवात केली. तिथे जोडाचा मुलामा वेगळा दिसणं स्वाभाविक आहे.

सोनेरी पायदळ-बिल्ला किंवा सोनेरी सर्वसाधारण हल्ला-बिल्ला?

पायदळाचा सोनेरी नव्हताच. सर्वसाधारण हल्ला-बिल्ला आणि रणगाडा-बिल्ला यांना 22 जून 1943 पासून 25, 50, 75 आणि 100 लढायांसाठी तेवढ्या आकड्यांचे वरचे दर्जे आले, त्यांतल्या 75 आणि 100 ला सोनेरी कडं आहे. पण त्यांवर आकड्याची चौकट असते आणि घडणही मोठी असते. आकडा नाही आणि सोनं आहे, तर सोनं नंतरचं.

माझा बिल्ला ब्राँझ आहे की काळवंडलेली चांदी, कळत नाही.

हा प्रश्न खरंच अवघड आहे, आणि तो प्रामाणिक मालाबाबत येतो म्हणून त्यावर वेळ घालवायला हरकत नाही. जस्तावरचा ब्राँझ रंग पुष्कळदा लॅकरसारखा पातळ असे. तो उडाला की खालचं करडं जस्त उघडं पडतं आणि ब्राँझ बिल्ला रुपेरी वाटू लागतो. दुसरीकडे रुपेरी बिल्ला मळून, तेलकट होऊन तपकिरी दिसतो. रायफलीच्या पट्ट्याखालच्या खाचा आणि ओकच्या पानांच्या सांध्यांत पाहा. मळ असेल तर तो खाचेत जाड आणि पृष्ठभागावर नाहीसा. टोकदार लाकडी काडीने हलकेच टोकलं तर सुटतो. ब्राँझचा रंग खाचेत पातळ आणि सारखा असतो, काडीने सुटत नाही. पाठीवर चॉकलेटी झाक सलग असेल तर ब्राँझ म्हणायला हरकत नाही. दिवसाच्या उजेडातच पाहा. ट्यूबलाइट आणि पिवळा बल्ब, दोघेही या बाबतीत खोटी साक्ष देतात.

बाजारात ब्राँझ प्रकाराला भाव जास्त मिळतो तिथे करड्या बिल्ल्यावर तपकिरी रंग चढवण्याचे उद्योग होतात. असा रंग बिजागराच्या सांध्यात साचून गोठलेला दिसतो.

काळा जखमी-बिल्ला घासून रुपेरी केला तर ओळखता येतो का?

सहसा लगेच. काळे बिल्ले साधारणपणे पातळ पत्र्याचे, मागून पोकळ ठशाचे असत. पत्रा लोखंडाचा किंवा पितळेचा, वर काळा रंग. रुपेरी आणि सोनेरी दर्जांचे बहुतेक भरीव. तेव्हा मागून पोकळ आणि पुढून रुपेरी असा नग आला की आधी खाचांत काळ्या रंगाचे अवशेष शोधा. शिरस्त्राणाच्या मागच्या ठिपक्याठिपक्यांच्या पार्श्वभूमीत ते हटकून सापडतात. लोखंडी असेल तर लोहचुंबक बाकीचं सांगेल.

युद्धाच्या अखेरीस रंग फासलेले बिल्ले होते म्हणतात. ते खरे का?

हो. हा प्रकार मला सगळ्यात जास्त आवडतो, कारण तो गरीब दिसतो आणि म्हणून नवखे लोक त्याला खोटा ठरवून फेकतात. धातू, रसायनं आणि माणसं, सगळ्याचीच टंचाई झाल्यावर चांदीऐवजी रुपेरी रंग, सोन्याऐवजी पिवळसर लॅकर लावून माल बाहेर पडला. असा रंग सुकलेला, ठिसूळ, बारीक भेगांचा असतो, आणि त्याखालचा ठसा त्या कारखान्याच्या उशिराच्या, झिजलेल्या डायचा असायला हवा. सुरुवातीच्या तोंबाकाच्या नगावर असा रंग दिसला तर काळाचा मेळ बसत नाही. अतिनील टॉर्चखाली रंग प्रखर चमकला तर तो आजच्या डब्यातला असण्याची शक्यता मोठी.

क्रोमसारखा निळसर चकाकणारा बिल्ला?

पुन्हा मुलामा दिलेला. सोडून द्या.

मागे ‘एल/12’सारखा क्रमांक किंवा कारखान्याचा नुसता आकडा कोरलेला असेल तर मुलामाही अस्सल मानायचा ना?

नाही, आकडा ठशाबद्दल बोलतो, मुलाम्याबद्दल नाही. तरी आकड्यांचा एक उपयोग आहे. एल आणि तिरकी रेघ असलेले क्रमांक उत्पादक संघाचे. ते दुकानातून विकायच्या मालावर येत. सैनिक आपल्याला मिळालेल्या बिल्ल्याची चांगली प्रत स्वतःच्या पैशाने विकत घेऊ शकत असे. एल/12 म्हणजे बर्लिनचे सी. ई. युंकर, एल/11 म्हणजे ल्यूडेनशाइडचे विल्हेल्म डॉयमर, एल/16 म्हणजे तिथलेच श्टाइनहाउअर उंड ल्यूक. नुसता आकडा हा सरकारला पुरवलेल्या मालाचा: 4 म्हणजे पुन्हा श्टाइनहाउअर, 30 म्हणजे व्हिएन्नाची टांकसाळ, 65 म्हणजे इडार-ओबरश्टाइनचे क्लाइन उंड क्वेन्झर, 107 म्हणजे हँबुर्गचे कार्ल विल्ड. दुकानी प्रतीचा मुलामा जास्त सफाईदार असू शकतो, क्वचित ती खऱ्या चांदीची असून 800 किंवा 900 चा शुद्धतेचा शिक्काही असतो. सफाई वेगळी असेल, रंग नाही. खासगी प्रतीतही पाणबुडी-बिल्ला सोनेरीच.

‘नमुना’, ‘प्रोटोटाइप’, ‘खास मागणीवरून केलेला’ असं सांगतात तेव्हा?

कागद मागा. कारखान्याचं पत्र, किंमतपत्रक, त्या काळचा नमुना-फलक, काहीतरी. ‘एका जुन्या सैनिकाकडून मिळाला’ हा कागद नव्हे. नमुने बनत नव्हते असं नाही, पण नमुना सहसा नियम ठरण्याआधीच्या घडणीचा असतो. नेहमीच्या डायवर, नेहमीच्या पिनेसह, फक्त रंग वेगळा, असा ‘नमुना’ बनवायची कारखान्याला गरज काय?

यातलाच एक अवघड उपप्रकार अर्धवट मालाचा. युद्ध संपलं तेव्हा कारखान्यांत ठसा मारलेले पण पिन किंवा मुलामा न लागलेले तुकडे पडून होते, ते आठवण म्हणून, पुढे व्यापार म्हणून बाहेर आले. ठसा शंभर टक्के खरा, मुलामा 1950 चा किंवा गेल्या वर्षीचा. अशा नगाला मी अस्सल म्हणणार नाही आणि खोटाही म्हणणार नाही. त्याची किंमत सुट्या भागाची.

हिऱ्यांचे बिल्ले?

हवाई दलाचा प्रमुख गोअरिंग याने दिलेला हवाई दलाचा सोन्या-हिऱ्यांचा बिल्ला आणि पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याने दिलेला हिऱ्यांचा पाणबुडी-बिल्ला, दोन्ही इतिहासात आहेत. चाचणी-वैमानिक हाना राइट्श हिलाही गोअरिंगने हिऱ्यांचा खास बिल्ला दिला होता. ते मोजक्या लोकांना मिळाले, त्यांची नावं माहीत आहेत. तुमच्यापुढे आलेला नग त्यांतल्या कुणाचा, हे विकणाऱ्याला सांगता आलं पाहिजे.

लोहचुंबकाला न चिकटणारा लोहक्रॉस (जर्मन शौर्यपदक) पाणबुडीवाल्यांसाठी होता का?

ही गोष्ट संग्राहकांत फार लाडकी आहे: होकायंत्रावर परिणाम नको किंवा समुद्रात गंज नको म्हणून लोखंडाऐवजी पितळी गाभा. पाणबुडी सगळीच पोलादाची, त्यात छातीवरच्या क्रॉसने होकायंत्र काय हलणार! पितळी गाभ्याचे अस्सल क्रॉस आहेत, पण त्यांचा नौदलाशी संबंध कथेपुरताच. गाभ्याचा काळा रंग आणि कडेची चांदी इतर क्रॉसप्रमाणेच तपासा.

हाकेनक्रॉइझ (नाझी स्वस्तिक) नसलेला, नवा कोरा मुलामा असलेला बिल्ला म्हणजे काय?

पश्चिम जर्मनीत 26 जुलै 1957 च्या कायद्याने जुन्या सैनिकांना युद्धातले सन्मान घालायची मुभा मिळाली, पण नाझी चिन्ह काढून. त्यासाठी नवे बिल्ले बनले, श्टाइनहाउअर उंड ल्यूकसारख्या जुन्याच कारखान्यांनी बनवले. ते खोटे नाहीत, फक्त 1957 नंतरचे आहेत. त्यांचा मुलामा साहजिकच ताजा, सारखा, चकचकीत. अडचण तेव्हा येते जेव्हा त्या काळातले, त्याच हातांनी केलेले मुलामे युद्धकालीन घडणीच्या नगांवर दिसतात. डायवर पडलेला तडा किंवा फुगवटा इथे मदतीला येतो: डायचा दोष वाढत जातो, भरून येत नाही. ज्या नगावर दोष जास्त वाढलेला तो नंतरचा, मुलामा कितीही जुना दिसो.

जर्मनीत आजही हाकेनक्रॉइझ जाहीरपणे दाखवणं फौजदारी कायद्याखाली येतं. संशोधन, शिक्षण, इतिहासाचं दस्तऐवजीकरण यांना सवलत आहे. तिथून माल मागवणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. विक्रीच्या फोटोंत चिन्ह झाकलेलं असतं ते यामुळे, आणि कधीकधी त्या झाकणीखालीच दुरुस्ती दडलेली असते. झाकण काढलेला फोटो खासगीत मागा.

आझाद हिंदची पदकं याच प्रकारात येतात का?

येतात, आणि आपल्याकडे हाच प्रश्न सगळ्यात जास्त महत्त्वाचा ठरावा. सुभाषबाबू जर्मनीत असताना 1942 मध्ये आझाद हिंदचे सन्मान सुरू झाले. ते बनवले व्हिएन्नाच्या रुडोल्फ सूवाल या कारखान्याने. युद्धातल्या पराक्रमासाठी तलवारींसह आणि एरवी तलवारींविना असे प्रकार होते. सूवालचा कारखाना युद्धानंतरही चालू राहिला आणि तिथून जुन्या घडणीचा माल पुन्हा बाहेर पडत राहिला. म्हणून ठसा बरोबर आहे एवढ्यावर इथे भागत नाही. सूवालच्या नंतरच्या नगांचा मुलामा जाड, भडक, खाचांतही तितकाच चमकणारा असतो; कडा कमी घासलेल्या. ‘नेताजींच्या हस्ते मिळालेलं’ या वाक्याने भाव दसपट होतो, आणि त्या वाक्याला तर मुलामासुद्धा द्यावा लागत नाही.

आजोबा सैन्यात होते, घरात असा बिल्ला निघाला. तो खरा असेल?

चांगली शक्यता आहे. भारतीय सैनिक उत्तर आफ्रिकेत आणि इटलीत जर्मनांशी लढले. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी टायबर नदीच्या खोऱ्यातल्या लढाईत मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना 9 एप्रिल 1945 च्या सेनियो नदीवरच्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा आघाड्यांवरून युद्धकैद्यांचे बिल्ले, पट्ट्याची बक्कलं खिशातून घरी आली. पण आजोबांची पलटण कुठे होती ते आधी काढा. ब्रह्मदेशातून परतलेल्या माणसाच्या ट्रंकेत पाणबुडी-बिल्ला कसा आला, याला वेगळं उत्तर लागेल.

घरच्या नगांचा एक हमखास घोळ म्हणजे चिंच किंवा पितांबरी. दसऱ्याला समई-तांब्यांबरोबर बिल्लाही घासला गेलेला असतो. मग तोंबाक लालबुंद उघडा पडतो आणि पाहणाऱ्याला वाटतं, हा तांब्याचा वेगळा प्रकार! मागची बाजू सहसा कुणी घासत नाही. तिथे मूळ मुलामा शोधा.

जुन्या फोटोत बिल्ला गडद दिसतो. पुरावा म्हणून चालेल?

रंगासाठी नाही. कृष्णधवल फोटोत घासलेली चांदी उजेडाच्या कोनानुसार पांढरी किंवा काळी दिसते. त्या काळी रंगीत फिल्म होती, अ‍ॅग्फाची, पण इतक्या वर्षांत तिचे स्वतःचेच रंग सरकलेले असतात. फोटो घडण दाखवतो, रंग नाही.

घरी कोणत्या चाचण्या करता येतील?

भिंग आणि बाजूचा उजेड, याने बहुतेक काम होतं. चुंबक फक्त लोखंड ओळखतो. घनता काढणं सोपं आहे: बिल्ला आधी हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत ठेवून तोला, आणि हवेतलं वजन दोन वजनांच्या फरकाने भागा. जस्त सातच्या आसपास, तोंबाक आणि जर्मन सिल्व्हर साडेआठच्या वर, ॲल्युमिनियम 2.7. पिन पोलादी असेल आणि पोकळीत हवेचे बुडबुडे अडकले तर आकडा थोडा इकडेतिकडे होतो. जस्ताचा नग पाण्यात घातलात तर लगेच कोरडा करा. फोड आलेला असेल तर ही चाचणी करूच नका.

सराफांकडे सोनं तपासायचं क्ष-किरण यंत्र असतं, त्यावर दोन मिनिटांत धातूंची यादी मिळते. मुलामा पातळ असल्याने यंत्र खालचा धातूही त्यातच मोजतं, हे वाचताना लक्षात घ्या. सोन्यात पारा सापडला तर ते आगीवर चढवलेलं, जुन्या पद्धतीचं सोनं. पण ती पद्धत आजही करता येते. सोन्याखाली निकेलचा ठळक थर निघाला तर आजच्या दागिन्यांच्या प्लेटिंगची आठवण यावी. यंत्र तारीख सांगत नाही. सराफही सांगत नाही, पण तो विकत घ्यायला मात्र तयार असतो.

स्वच्छ करू का?

नको. चांदी चमकवायचं द्रावण जस्तावरचा उरलेला मुलामा काही सेकंदांत घेऊन जातं, आणि मग वर सांगितलेली एकही खूण शिल्लक राहत नाही. मऊ ब्रशने धूळ काढा, तेवढं पुरे.

मुंबई-कोकणाच्या हवेत हे टिकवायचे कसे?

जस्ताला दोन शत्रू: दमट हवा आणि लाकूड. लाकडी कपाटातून, प्लायवूडमधून आम्लाची वाफ निघत राहते आणि जस्तावर पांढरी पूड धरते. सागवानी पेटी दिसायला छान, पण जस्तासाठी नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांतून चिकट द्रव सुटतो, तीही टाळा. पॉलिथिनची साधी झिप-पिशवी, आत सिलिका जेलची पुडी, आणि पावसाळ्यात दोनदा पुडी बदलायची. चांदीच्या नगांजवळ रबरबँड ठेवू नका, त्यातल्या गंधकाने चांदी काळी पडते. प्रत्येक नगाची पुढची, मागची आणि बिजागराची छायाचित्रं घेऊन तारखेसह जपून ठेवा. दोन पावसाळ्यांनंतर फोड नवा की जुना, हे त्यावरूनच ठरवता येतं.